कल्ले उघडून पाहणाऱ्या विजयाताई

विजयाताई नाखवा यांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मला त्यांचा संशय आला. गौरवग्रंथात असं लिहायचं नसतं हे मला ठाऊक आहे. आठवणी गोड असाव्यात, असं संपादकांनी कळवलंही होतं. पण ही ताईंची एकसष्टी आहे, आणि खोटं गोड लिहिलेलं त्या पहिल्याच ओळीत पकडतील. म्हणून खरं लिहितो.

भेट झाली डोंबिवलीत, आमच्या धर्मादाय डायलिसिस केंद्राच्या बैठकीत. मी केंद्राचा चिटणीस. नोकरी सगळी वीजखात्यात गेली, त्यामुळे कुणी "काळजी करू नका" म्हटलं की मी काळजीला लागतो. त्यातून माझी पत्नी सुनीती दिवसाआड त्याच केंद्रात मशीनवर असते. तिला एक औषध अजिबात चालत नाही, श्वास अडकतो. ती नोंद, तिचं वजन, मशीन कसं लावायचं, हे सगळं केंद्राच्या संगणकात असे, आणि तो संगणक जिन्याखालच्या दमट खोलीत अखेरच्या घटका मोजत होता. एका दुपारी तो बंद पडला. आमच्या टेक्निशियन प्रणालीताई पेशंटनाच विचारत फिरल्या, "तुम्हाला काय चालत नाही ते सांगा ना." सुनीतीला सांगता आलं. शेजारच्या खाटेवरचे शहाडचे गृहस्थ अर्धवट ग्लानीत होते. ते एवढंच म्हणाले, "पांढरी गोळी होती." त्या दिवशी निभावलं, पण माझी झोप उडाली.

त्यानंतर सगळी माहिती क्लाऊडवर न्यायचं ठरलं आणि सल्ल्यासाठी ताईंना बोलावण्यात आलं. ताई मूळच्या बाळकुमच्या कोळी कुटुंबातल्या. आई ठाण्याच्या बाजारात मासळी विकायच्या. ताईंनी इंजिनिअर होऊन मोठ्या कंपनीत आयुष्यभर क्लाऊडचीच दूरची यंत्रं सांभाळली. आमच्याकडे त्या एक पैसा न घेता येणार होत्या. इथेच माझी भुवई वर गेली. हल्ली फुकट कोण येतं?

विश्वस्तांना क्लाऊड म्हणजे काय, हेच कळत नव्हतं. ताईंनी ते पोळीभाजी केंद्रांच्या या गावाला समजेल असंच सांगितलं. म्हणाल्या, "तीन प्रकार आहेत. एक, रिकामं स्वयंपाकघर भाड्यानं घ्यायचं. गॅस-भांडी, रांधणं, राखणं, सगळं आपलं. दोन, ओटा-गॅस-भांडी त्यांची, स्वयंपाक आपला. तीन, तयार डबा, म्हणजे सॉफ्टवेअरसुद्धा त्यांचंच. डब्यात मीठ कमी-जास्त झालं तर ऐकून घ्यायचं, पण घरात रांधणारं माणूस नसलं तरी उपाशी राहायची पाळी येत नाही." आमचे अध्यक्ष लगेच म्हणाले, "मग रिकामं स्वयंपाकघरच घेऊ या. स्वस्त पडेल. आणि रांधायला तुम्ही आहातच की!" सगळे हसले. ताई हसल्या नाहीत. "मी आहे म्हणून जे चालेल ते संस्थेचं नव्हे," असं म्हणून त्यांनी तो पहिला प्रकार बाजूलाच सारला.

मी मनात म्हटलं, आली का मेख! ज्या कामात यांची हयात गेली, तेच नको म्हणतात. एक तर काम टाळतायत, नाहीतर कुठल्यातरी डबेवाल्या कंपनीशी यांचं आधीच ठरलंय.

पुढे कंपन्यांची माणसं यायला लागली. पहिल्या कंपनीचा माणूस टायबिय लावून आला होता. पडद्यावर रंगीत चित्रं, हसरे पेशंट. सगळं बघून झाल्यावर ताई म्हणाल्या, "छान. आता कल्ले दाखवा."

तो बावचळला. ताईंच्या मातोश्री सांगायच्या, "जो कल्ले उघरून दाखवीत नाय, त्याचा म्हावरा घेव नको." मासा ताजा की शिळा हे कातडीवरून कळत नाही, कल्ला उचलायचा आणि आतली लाली बघायची. स्वतः विकणारीच्या तोंडी हे वाक्य होतं, म्हणून मला त्याची किंमत जास्त वाटते. ताईंचा कल्ला म्हणजे एकच मागणी असे. आम्ही भरलेली माहिती आत्ता, इथे, आमच्यासमोर परत काढून द्या, आणि ती दुसऱ्या कुणाच्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडली पाहिजे.

"मॅडम, त्याची गरजच पडणार नाही," तो म्हणाला.

"गरज पडणार नाही, की जमणार नाही?"

"म्हणजे... प्रिंट देऊ ना आम्ही."

"आत जाताना दार आणि बाहेर पडताना खिडकी, असं नको हो," ताई म्हणाल्या. तो गेला, पुन्हा आला नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, बाई आपल्या जातकुळीतल्या आहेत. पण संशय सोडला नाही. एवढ्यावर सोडला तर तो संशय कसला!

आणि तो बळावलाच. दुसऱ्या एका कंपनीतर्फे नीलेश नावाचा तरुण आला, तो दारातच वाकून ताईंच्या पाया पडला. त्यांच्याच हाताखाली शिकलेला! त्याचंही सॉफ्टवेअर तयार डब्यातलंच. मला सगळं स्वच्छ दिसलं. मी चहाच्या वेळी ताईंना गाठलं आणि सरळ विचारलं, "हा तुमचा माणूस ना?"

"हो," ताई म्हणाल्या. "म्हणून त्याला मी काही विचारणार नाही. तुम्ही विचारा."

"मी? मला यातलं काय कळतं?"

"यातलं नाही कळलं तरी चालेल. तुमची बायको त्या मशीनवर असते. तुम्हाला ज्याची भीती वाटते ते विचारा. मला तुमचा संशय हवाय."

माझ्या संशयाला आयुष्यात कुणी असा पाट मांडून बसवलेलं नव्हतं. घरात तर त्यावरून बोलणीच खाल्लेली. मी नीलेशसमोर बसलो आणि पोटातली सगळी भीती बाहेर काढली. तुमची कंपनी बुडाली तर? माहिती परत काढून दाखवा. ती आणखी कोण वाचतं? त्याने माहिती लगेच काढून दाखवली, बाकीची उत्तरंही नीट दिली. मग मी विचारलं, "आमच्याकडे रस्ता खणला की इंटरनेट जातं, आणि रस्ता नेहमीच खणलेला असतो. तेव्हा हिला कुठलं औषध द्यायचं नाही, हे प्रणालीताईंना कोण सांगणार?" नीलेश अडखळला. त्याने ताईंकडे पाहिलं. ताई खिडकीबाहेर बघत होत्या. प्रश्न आधीच फुटलेले असते तर तो असा घामाघूम झाला नसता, हे मला तेव्हाच कळलं. नंतर त्याने सोय करून आणली. दुसऱ्या दिवशीच्या पेशंटची माहिती रोज संध्याकाळी केंद्रातल्या लॅपटॉपवर आपोआप उतरते, इंटरनेट असो वा नसो. ते बघितल्यावरच ताईंनी होकार दिला.

राहिली किल्ली. खातं कुणाच्या नावाने उघडायचं, ओटीपी कुणाच्या फोनवर यायचा? आपल्या संस्थांची रीत अशी की जो पुढे असेल त्याच्या नावावर सगळं. कित्येक ठिकाणी विजेचा मीटर अजून स्वर्गवासी विश्वस्तांच्या नावावर चालू असतो. मी खात्यात असताना असे मीटर पुष्कळ बघितलेत. ताई आता स्वतःचा नंबर देणार, म्हणून मी टपून बसलो होतो. त्यांनी केंद्रासाठी वेगळा फोन घ्यायला लावला आणि किल्ल्या प्रणालीताईंकडे व माझ्याकडे दिल्या. स्वतःकडे काहीच ठेवलं नाही.

ताईंच्या मायेबद्दल इतर मंडळी लिहितीलच. मी एकच सांगतो. आम्ही उभयता बाळकुमला त्यांच्या घरी गेलो होतो. सुनीतीला पाणी मोजून प्यावं लागतं. चहा आला तो सगळ्यांनाच इवल्याशा कपात, जेमतेम दोन घोट. मी म्हटलं, बाई चिकट दिसतात. परत येताना सुनीती म्हणाली, "अहो, मला एकटीला कमी दिसू नये म्हणून त्यांनी घरातल्या सगळ्यांनाच तेवढा दिला. तुमच्या लक्षात तरी आलं का?" माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला फार लाज वाटली आणि फार बरंही वाटलं.

गेल्या वर्षी ताईंच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. आपल्याला असं काही होणार हे ताईंना आधीच माहीत होतं, म्हणून त्यांनी ते रिकामं स्वयंपाकघर नाकारलं की काय, असं मी नंतर विचारलं. "नव्हतं हो माहीत. तुमचा संशय आपला सवयीचा," त्या म्हणाल्या. त्या दवाखान्यात असताना आमच्याकडे दोनदा इंटरनेट गेलं आणि एक नवा टेक्निशियन आला. आम्हाला ताईंना एकही फोन करावा लागला नाही.

झालं, ताईंना नेमका त्याचाच संशय आला! अंथरुणावरून त्यांनी केंद्रात फोन लावला. "प्रणाली, खरं सांग. बंद पडलंय आणि माझ्यापासून लपवताय ना?"

"नाही ओ ताई, सगळं चालू आहे. आईशप्पथ!"

"शपथ नको."

मी तिथेच होतो, पण माझ्या सांगण्याने त्यांची खात्री पटली नसतीच. सुनीती मशीनवर होती. तिने हात पुढे करून प्रणालीताईंकडून फोन घेतला. "ताई, मी सुनीती. मशीनवरच आहे. बोलत नाही, तुम्हीच ऐका." आणि तिने फोन मशीनच्या अंगाला लावला. त्याची ती एकसुरी घरघर सुरू होती. मग ताई म्हणाल्या, "ठीक आहे. आता झोपते."

ताई, आपण शतायुषी व्हावं असं म्हटलं, की आपण विचाराल, हमी कोण देतं? हमी आमच्यापैकी कुणीच देऊ शकत नाही. पण आपल्याला ठणठणीत आरोग्य लाभो, आणि केंद्राच्या कामासाठी आपल्याला फोन करायची वेळ आमच्यावर कधीच न येवो. आपण मात्र मनात येईल तेव्हा फोन करा. सुनीती दिवसाआड तिथेच असते, ती ऐकवील.