तळटीपेतलं नाव

घाटकोपरच्या कॉलेजातून सुटले की मी मेट्रो पकडते आणि अंधेरीला उतरते. गाडीवर वर्सोवा लिहिलेलं असतं, डब्यातली ती रेकॉर्ड केलेली बाईही पुन्हा पुन्हा वर्सोवा म्हणत असते, आणि मी कित्येक वर्षं ऐकून न ऐकल्यासारखं करत अंधेरीला उतरत आले. पुढे उरतात तीन स्टेशनं. धड दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

कॉलेजात माझ्याकडे एक काम ठरलेलं आहे. प्रबंध लिहायला बसलेल्या मुलामुलींना वाङ्मयचौर्य म्हणजे काय, ते कसं टाळायचं, संदर्भ कसे द्यायचे, हे शिकवायचं. दरवर्षी दोन शनिवार. दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर अवतरणचिन्ह घाला, स्वतःच्या शब्दांत मांडलं तरी मूळ माणसाचं नाव द्या, टिपणं काढतानाच पान क्रमांक लिहून ठेवा, नंतर आठवेल या भरवशावर राहू नका. पोरं जांभया देतात, पण लिहून घेतात. मॅडम या बाबतीत फार कडक आहेत, असं माझ्याबद्दल बोललं जातं. कडक का आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

माझ्या लहानपणी आमच्या अंधेरीच्या बिल्डिंगमध्ये वर्सोव्याहून एक मावशी सुकी मासळी घेऊन यायची. डोक्यावर पाटी, नऊवारी गुडघ्यापर्यंत आवळलेली, आणि तळमजल्यावरून दिलेली हाक थेट चौथ्या मजल्यावर. माझे आईवडील मालवणकडचे. वडील गिरणी बंद पडल्यावर एका कुरिअरच्या ऑफिसात लागले होते, आणि घरात ताजं मटण महिन्यातून एकदा आलं तरी चालेल, पण बोंबलाचा डबा रिकामा राहिलेला आईला खपायचा नाही. मावशी पाटी उतरवून दारातच फतकल मारायची. आई तिच्याशी घासाघीस करायची, मग तिलाच चहा द्यायची. मला पायरीवर बसून त्या दोघींचं भांडण ऐकायला आवडायचं, कारण त्यात राग अजिबात नसायचा.

एम.फिल.ला विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी कोळणींचा सुक्या मासळीचा धंदा घेतला. विषय कुठून आला ते उघड होतं. मी वही घेऊन वर्सोव्याला मावशीच्या घरी जायला लागले. वर्षभर, आठवड्यातून एकदा तरी. बांबूच्या मांडवांवर दोरीला बोंबील लटकवलेले असायचे, दोघादोघांची तोंडं एकमेकांत अडकवून. ती ते इतक्या भराभर अडकवायची की मला तिचे हात दिसायचे, पण कृती कळायची नाही. मी करायला गेले की जबडा तुटायचा, आणि ती हसून हसून बेजार व्हायची.

“शिकलेल्या बोटांना जमत नाय गो ता,” म्हणायची. “तू लिव. तुला ताच बरा.”

मी लिहीत होते. बोंबील कधी उतरवायचा, हलवल्यावर कसा वाजला पाहिजे, जवळा कुठल्या जागी पसरायचा, खाडीवरून वारा फिरला की काय करायचं. एकदा मी म्हणाले, मावशी, आज ऊन कडक आहे, बरे सुकतील. तिने मान हलवली. “ऊन वरनं सुकवतं, वारा आतनं. नुसता ऊन लागला तर वरनं कडक, आत वला. पाऊसकाळात तसल्याला किडा लागतो.”

ते वाक्य मी वहीत उतरवलं आणि खाली दोन रेघा मारल्या. माझा अख्खा प्रबंध खरं तर त्या एका वाक्यावर उभा राहिला. तारीख मात्र लिहिली नाही. त्या वहीत एकाही पानावर तारीख नाही, आणि नावही नाही. नुसतं ‘मावशी’.

निघताना ती दर वेळी विचारायची, “माजा नाव टाकशील ना गो पुस्तकान?”

“टाकणारच. तुझ्याशिवाय पुस्तक आहे का?” मी म्हणायचे, आणि मनापासून म्हणायचे.

प्रबंधाचा कच्चा खर्डा माझ्या गाईडना दाखवला. सर सज्जन होते, त्यांच्यावर काही ढकलायचं नाही. ते त्या वाक्यापाशी थांबले. हे कोण म्हणतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एक मावशी.

“मावशी हा काही संदर्भ होत नाही,” ते म्हणाले. “मुलाखत म्हणून द्या. नाव, गाव, तारीख, आणि त्यांची लेखी संमती, सही किंवा अंगठा. सगळ्यात चांगलं तेच. नाहीतर छापील आधार शोधा.”

जमा करायला सहा दिवस होते. बाइंडिंगवाला दोन दिवस मागत होता. वर्सोव्याला जाऊन तिचा अंगठा घ्यायला एक दुपार पुरली असती. ती मी काढली नाही. लायब्ररीत एक जुनं पुस्तक सापडलं, त्यात एका गृहस्थांनी लिहिलं होतं की मासळी सुकवताना उन्हापेक्षा वाऱ्याचा वाटा मोठा असतो असे मच्छीमार स्त्रिया मानतात. कुठल्या स्त्रिया, ते त्यांनीही लिहिलं नव्हतं. मी मावशीचं वाक्य शुद्ध करून घेतलं आणि तळटीपेत त्या गृहस्थांचं नाव, पुस्तक, पान क्रमांक, सगळं स्वल्पविरामासकट अचूक टाकलं. पुढच्या आणखी काही तळटीपांचंही तसंच केलं. खोटं कशाला बोलू, नुसती घाई नव्हती. छापील पुस्तकांची यादी लांब झाली की प्रबंधाला वजन येतं, असं मला तेव्हा वाटत होतं. ऋणनिर्देशात गाईड, ग्रंथपाल, अगदी टायपिंग करून देणारे दादाही आडनावासकट आले. मावशीच्या वाट्याला ‘वर्सोव्यातील सर्व मच्छीमार भगिनी’ एवढंच आलं. पुढे विद्यापीठाने तपासणीचं सॉफ्टवेअर आणलं तेव्हा मी गंमत म्हणून तो प्रबंध त्यात घालून पाहिला. नक्कल म्हणून एकही ओळ रंगली नाही. माझी चोरी पकडेल असं यंत्र अजून निघालेलं नाही.

आईने मात्र लगेच विचारलं होतं. “अगो, त्या बाईचा नाव तरी घातलंस मा?” मी हो म्हणाले.

काळ्या रेक्झिनची, सोनेरी अक्षरांची एक प्रत घेऊन मी वर्सोव्याला गेले. मावशीने हात धुतले, पदराला पुसले, पुन्हा धुतले आणि मग प्रत हातात घेतली. शेजारच्या दोघीतिघी जमल्या. मावशीला अक्षरओळख नव्हती.

“कुठं हाय माजा नाव?”

तेव्हा सांगता आलं असतं. चुकले मावशी, राहून गेलं, एवढंच. पण तिचा चेहरा बघितला. मी ते पान उघडलं आणि तळटीपेतल्या त्या गृहस्थांच्या नावावर बोट ठेवलं. मावशीने माझं बोट बाजूला केलं आणि तिथे स्वतःचा अंगठा ठेवला, बराच वेळ. मग त्या पानात कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा तुकडा घातला आणि पुस्तक शोकेसमध्ये देवाच्या फोटोशेजारी उभं केलं.

त्यानंतर मी दोनदाच गेले. दोन्ही वेळा तिने आल्यागेल्यासमोर पुस्तक काढलं, पान उघडलं, अंगठा ठेवला. दुसऱ्या वेळी अंगठा ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. मी पाणी मागितलं आणि विषय बदलला. आज ना उद्या कुणीतरी तिला वाचून दाखवेल, ही भीती माझ्या मागे लागली होती. मग नोकरी लागली, लग्न झालं, कारणांना तोटा नव्हता. मावशीचे गुडघे गेले आणि तिने बिल्डिंगमध्ये येणं सोडलं. आई गेल्यावर तर तिचं नाव काढणारंही कुणी उरलं नाही. तरी दुकानातून आणलेल्या बोंबलाची पिशवी फोडली की मी आधी एक बोंबील कानाशी धरून हलवते. वास येतो आणि तिच्या दारात जाऊन बसावंसं वाटतं. फार वाटतं.

यंदाच्या पहिल्या शनिवारी एका मुलीने हात वर केला. “मॅडम, माझ्या आजीने सांगितलेलं असेल तर? ते कुठेच छापलेलं नाहीये ना.”

“व्यक्तिगत संवाद म्हणून द्यायचं,” मी म्हणाले आणि फळ्याकडे वळले. “सांगणाऱ्याचं नाव. ठिकाण. संवादाची तारीख.” तीन शब्द लिहिले आणि पुढे काय शिकवायचं ते आठवेना. पोरांना लवकर सोडलं. परतताना अंधेरी आली, दारं उघडली, माणसं उतरली, चढली, दारं मिटली. मी जागेवरच बसून होते.

स्टेशनवरून रिक्षा केली. मांडव होते, वासही तोच. मावशीच्या दारात तिची सून जवळा पाखडत बसली होती. तिने मान वर करून मला ओळखलं.

“तुम्ही त्या पुस्तकवाल्या ना? आई गेल्या. दोन वर्षं झाली.”

मी खालीच बसले. तिने पाणी दिलं, मग शोकेस उघडून पुस्तक आणून माझ्या मांडीवर ठेवलं. लग्नपत्रिकेचा तुकडा जागच्या जागी होता. पान उघडलं. त्या नावावर पिवळट, तेलकट डाग पडला होता, आणि अक्षरं त्याखालून दिसत होती.

“मला काहीतरी सांगायचंय,” मी म्हणाले. “हे नाव...”

“माहीत हाय,” ती म्हणाली. “तुम्ही पुस्तक दिलंत ना, त्याच आठवड्यात माझ्या पोरीने वाचलं. आठवीत होती. म्हणाली, आजी, हे तुझं नाव नाय, कुठल्या तरी बाप्याचं नाव हाय.”

“मग? मावशी काय म्हणाली?”

“काय म्हणणार. पुस्तक मिटून परत शोकेसमध्ये ठेवलं. मग आम्हा सगळ्यांना दम दिला. तिला कोनी काय बोलू नका. बोललात तर पोर लाजंल, आन् मग यायची नाय.” सुनेने सूप खाली ठेवलं. “वाट बघायच्या हो तुमची. का नाय आलात?”

तिला कळेल या भीतीने मी गेले नव्हते. तिला सगळं कळलेलं होतं, आणि मी येत राहावं म्हणून ती कळलं नसल्यासारखं करत होती. मी सुनेसमोर बसून नुसती रडले. तिने मला रडू दिलं.

निघण्याआधी मी तिला विचारलं, यात आईंचं नाव लिहू का? ती म्हणाली, लिवा की. मी पेन काढलं, त्या गृहस्थांच्या नावावर रेघ मारली आणि डागाच्या बाजूला मावशीचं पूर्ण नाव लिहिलं. इथे ते लिहीत नाही. छापायचं तर तिला विचारावं लागेल, आणि न विचारता तिचं मी एकदा घेतलेलं आहे. नावापुढे ठिकाण लिहिलं, वर्सोवा. मग तारीख. वही आठवून पाहिली, वाऱ्याचा तो दिवस आठवून पाहिला, काही केल्या आठवेना. शेवटी सुनेला आज तारीख काय ते विचारलं आणि तीच लिहिली. मावशीचं शेवटचं बोलणं मला त्याच दिवशी पोचलं होतं.