वेरूळच्या घाटात न्यूट्रल

मी विजेवरची गाडी घेतली तेव्हा आमच्या गावाहून, देवगाव रंगारीहून, थोरले दादा फोनवर म्हणाले, "माझी डिझेलची जीप वीस वर्षं झाली, अजून माल वढती. तुझं खेळणं पाच वर्षांत भंगारात जाईल बघ." मी तिथंच ठरवलं, हीसुद्धा वीस वर्षं चालवून दाखवायची.

पहिल्यांदा गावी निघालो तेव्हा वेरूळचा घाट उतरताना जुन्या सवयीनं गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. म्हटलं, तेवढीच बचत. शेजारी बायको गाडीची पुस्तिका वाचत होती. "अहो, उतारावर ही गाडी आपोआप चार्ज होते. न्यूट्रल काढा आधी!" बचतीच्या नादात मी फुकटची वीज घालवत होतो.

गावी दादांनी बॉनेट उघडायला लावलं.

"ऑइल कुठं टाकतो रे?"

"यात ऑइल बदलायचं कामच नाय."

"मंग बिघडायला हाय काय यात?"

"बॅटरी," मी खरं ते सांगितलं, "आणि चालवणारा."

"चालवणारा तर आधीच बिघडलाय," दादा म्हणाले.

आता सहा वर्षं झाली. एका चार्जिंगमध्ये गाडी पहिल्याइतकी लांब जात नाही. मी तरी कुठं जातो? पण घाटात न्यूट्रलकडं गेलेला हात मी आता स्वतःच मागं घेतो. अजून चौदा वर्षं काढायची आहेत.