दिवस बुडायच्या आत

शुगर निघाली तेव्हा चिखलीचे डॉक्टर म्हणाले, "आजी, सकाळी दहाच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर काही खायचं नाही. मधल्या वेळात दोनदा जेवा. बाकी वेळ उपास समजा." त्या हिशेबानं गोळीही बदलून दिली, मनानं काही करू नका म्हणून बजावलं.

उपास! म्हटलं, तो मले काय शिकवता? उभा जन्म एकादशी, चतुर्थी, सोमवार केले. घरी आली न् रोज सहानंतर उपासाचंच खाऊ लागली. कधी साबुदाण्याची उसळ, कधी भगर, वरून उकडलेलं रताळं. पुढच्या खेपेले रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी कपाळाले हात लावला.

"आजी, साबुदाणा?"

"मंग? उपासच सांगितला न् तुम्ही!"

आमचे हे दाराशी बसले होते. इतके हसले, इतके हसले की कंपाउंडर पाहायले आला.

तवापासून खरा उपास सुरू झाला. पाणी न् बिनसाखरेचा काळा चहा, बस. भुकेचं काही नाही हो, ती येते हळूहळू वळणावर. सलते ते वेगळंच.

लग्न होऊन आली तेव्हा घरात आधी पुरुषांची पंगत, मग लेकरं, शेवटी चुलीपाशी आम्ही बाया. सासूबाई गेल्या, लेकरं पुण्याले नोकरीवर गेली, दोघंच उरलो. तवा एका संध्याकाळी हे म्हणाले, "आता कोणासाठी थांबतं वं? बस न् सोबत." मी लाजून ताट जरा लांबच मांडलं होतं. केस पांढरे झाल्यावर मिळाली मले ती पंगत! ज्वारीची भाकर, दोघांत एक ठेच्याची वाटी, न् दिवसभराच्या गोष्टी.

आता सहाच्या आत मी एकटी जेवते. हे शेतात. विहिरीवरच्या मोटारीले लाईट येते ती संध्याकाळच्या पाळीत. हरभऱ्याले पाणी देऊन येतात तोवर माझं ताट घासून पालथं. मी समोर बसून वाढते, ते भराभर उरकतात. म्हटलं, "सावकाश खा न् जरा." तर म्हणतात, "तू नुसती पाहत बसतं, मले परीक्षेले बसल्यावानी वाटते."

शुगर उतरली आहे. हे अमडापूरच्या बाजारात माणसं थांबवून सांगतात. मलेही बरं वाटते, खोटं कशाले बोलू?

काल पुन्हा विचारलं, "अवो, हरभऱ्याचं शेवटचं पाणी कवा?"

"होईल आठ-दहा दिवसांत. रोज काऊन विचारून राह्यली? शेत विकतं का काय?"

"पाणी झालं की तुम्ही दिवस बुडायच्या आत घरी याल."

त्यांनी घास ताटात ठेवला न् माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "त्या दिवशी भरली वांगी कर. पाचलेच येतो."

आज सकाळी परसातली वांगी पाहून आली. लहान आहेत अजून.