हौसाबाईने हाड उचललं

माझ्या लेकीची परवा तोंडी परीक्षा आहे. नर्सिंगचं पहिलं वर्ष. ती धड जेवत नाही, आणि तिच्याकडे बघून मलाही घास जात नाही. म्हणून आमच्या घराण्यातल्या पहिल्या तोंडी परीक्षेची गोष्ट तिच्यासाठी लिहून काढते.

परीक्षा दिली होती हौसाबाईने, माझ्या पणजीच्या आईने. काळ १८९०च्या आसपासचा, गाव ठाण्याजवळचं माजिवडं. नवरा काळुराम मिठागरावर कावडीने मीठ वाहायचा. सासू ठमाबाई गावची सुईण. अर्धं माजिवडं तिच्या हातात जन्मलेलं. पण आताशा तिचे हात कापू लागले होते. हौसा तिच्याबरोबर बाळंतपणांना जाऊन तयार झाली होती. त्यातच ठाण्याच्या एका दवाखान्यात सुईणींचा वर्ग निघाला. पास होईल तिला तिथे कायमची जागा मिळणार होती.

ठमाबाईने परवानगी दिली, पण एका अटीवर.

"मेल्या मानसाच्या हाडाला हात नाय लावायचा. त्या हातान माझ्या गावची पोरां नाय झेलायची. हात लावलास तर बालंतपन इसर."

हौसाने मान डोलावली. डोलावताना तिला ठाऊक नव्हतं की वर्गात एक पेटी होती आणि त्या पेटीत माणसाची सुटी हाडंच होती. डॉक्टर गुप्ते एकेक हाड उचलून त्याचं नाव सांगत, मराठीत आणि इंग्रजीत, आणि बायका त्यांच्यामागून घोकत. मग ते हाड हातोहात फिरे. हौसाची पाळी आली की ती हात पदराखाली घ्यायची आणि मान लांब करून नुसतं बघायची.

लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून नावं तिने चालीवर बसवली. भात सडताना मुसळाच्या ठेक्यावर चालायचं, मांडीला फीमर, नडगीला टिबिया, पाठीला स्कॅप्युला.

शेजारची सखुबाई कुंपणावरून विचारायची, "हौसा, ह्यो कंचा देव गो?"

नावं झाली पाठ. पण हाड हाताला कसं लागतं ते कसं कळणार? घरात एकच सडपातळ माणूस होता. संध्याकाळी काळुराम मिठागरावरून आला की हौसा त्याला ओट्यावर बसवायची.

"श्वास घ्या."

"घेतला."

"सोडू नका. बरगड्या मोजतंय."

"लवकर मोज गो. मीठ वाहून येवढा जीव नाय गेला कधी."

एक दिवस तिची बोटं गळ्याखालून खांद्याकडे जाणाऱ्या हाडावर आली. वर्गात त्याला जत्रु म्हणत, इंग्रजीत क्लॅव्हिकल. उजव्या बाजूला तिथे टणक गाठ लागली. डाव्या बाजूला काहीच नाही.

"ही तुमचीच हाय का सगल्या पुरुषांची?"

"मना काय ठावं?"

"मग उद्या बघून या."

दुसऱ्या दिवशी काळुरामने मिठागरावर एकेकाचा खांदा चाचपला. पोपट नावाचा त्याचा सोबती खेकसलाच, "काय रे, बैल इकत घेतंस काय?" पण काळुरामने काम चोख केलं. घरी येऊन म्हणाला, "सगल्यांना गाठ हाय. त्या आनंदा कावडवाल्याची तर लिंबायेवढी."

झालं. हौसाने मनाशी पक्कं केलं की पुरुषाचं उजवं क्लॅव्हिकल गाठीचंच असतं.

परीक्षेच्या दिवशी टेबलावर हाडं मांडली होती. हौसा हात मागे बांधून उभी राहिली आणि हनुवटीने दाखवत गेली. फीमर, टिबिया, बरगडी, सगळं बरोबर. मग डॉक्टर गुप्त्यांनी एका हाडावर छडी टेकवली.

"क्लॅव्हिकल," हौसा म्हणाली. "उजवं. बाईचं."

"बाईचं? हे पुरुषाचं आहे."

"नाय साहेब."

"अगं, मी सांगतोय ना!"

"मग साहेब, तुमाला कुनीतरी फसवलंय." आणि बोलण्याच्या भरात तिने ते हाड उचललंच. त्यावरून बोट फिरवत ती म्हणाली, "पुरुषाला हितं गाठ अस्ते. बघा ना, कुठं हाय?"

डॉक्टरांनी विचारलं, "कोणाकोणाला पाहिलीस?"

"मिठागरावरच्या सगल्यांना हाय."

"आणि ते कावड कोणत्या खांद्यावर घेतात?"

"उज..." हौसा थांबली.

डॉक्टर इतके हसले की त्यांचा चष्मा टेबलावर पडला. "मी कधी कावड घेतली नाही, हौसाबाई. मलाही गाठ नाही. आता मी बाई का?"

बाकीच्या बायका पदरात तोंड खुपसून हसू लागल्या. हौसालाही हसू आवरेना. डॉक्टर म्हणाले, "चूक ती चूकच. पण या बाकीच्यांनी मी बोललो ते पाठ केलं. तू निदान लोकांचे खांदे चाचपलेस. पास."

तेव्हा कुठे हौसाचं लक्ष आपल्या हाताकडे गेलं. हाड अजून मुठीतच होतं.

घ्यायला आलेला काळुराम वाटेत म्हणाला, "आयेला सांगू नको." पण हौसाने उंबऱ्याबाहेर उभी राहूनच सांगून टाकलं, "आये, मी पास झाले. पन हाड उचललं."

ठमाबाई पाठ फिरवून आत गेली. हौसाने अंघोळ केली, चूल पेटवली, भाकऱ्या भाजल्या. सासूने भाकरी खाल्ली, पण शब्द नाही.

थोड्याच दिवसांत सखुबाईची सून बायजा बाळंतपणात अडली. ठमाबाई उठली आणि एकटीच गेली. हौसा दारात बसून राहिली. दवाखान्यातली जागा मिळाली होती, पण आपल्याच गावातली बाळंतपणं गेली असं तिने धरलं होतं.

ऊन कलायच्या आत सखुबाई धावत आली. "चल गो! तुझी सासू बोलवतंय. हात गरम पान्यान धुवून ये बोलली."

हौसा आत शिरली. ठमाबाईने वर न बघताच विचारलं, "कुनाचं व्हतं ते हाड?"

"ठावं नाय आये. पुरुषाचं व्हतं."

"हं." ठमाबाईने आपले कापणारे हात बाजूला घेतले. "त्यालाबी कुन्या सुईनीनंच झेलला असंल. ये, धर हितं."

बायजाला मुलगी झाली. तिला झेललं हौसाने. ठमाबाई उशाशी बसून, जोर लाव म्हणून बायजाला शिव्या देत होती, आणि मधूनमधून हौसालाही.