किल्लीवाले आणि फ्लॉवरचा पिझ्झा

बाजाराच्या कोपऱ्यावर कुलपं दुरुस्त करणारे, हरवलेल्या किल्ल्या बनवून देणारे एक गृहस्थ होते. त्यांना सगळे किल्लीवालेच म्हणत. माणूस अबोल, पण खाण्याच्या बाबतीत हात सैल. शनिवारी दुकानाचं शटर ओढलं की समोरून मोठा पिझ्झा घ्यायचा आणि घरी जाऊन फस्त करायचा, एवढीच चैन.

घरात बायको आणि सासूबाई. लग्न ठरताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "कुलपं उघडणाऱ्याला मुलगी द्यायची? उद्या आपल्याच कपाटाला हात घालेल!" ते किल्लीवाल्यांच्या कानावर आलं आणि मनात रुतून बसलं. पुढे सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा त्यांना घरी घेऊन आले ते किल्लीवालेच. पण बोलणं नाही ते नाहीच. "चहा घेतला जाणार आहे का?" असं फ्रीजकडे बघून विचारायचं. "फार कडक नसेल तर घेतला जाईल," असं उत्तर खिडकीला मिळायचं. बायको हॉस्पिटलात नर्स होती. ती दोन्हीकडचे निरोप सवयीने इकडून तिकडे पोचवायची.

मग किल्लीवाल्यांच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी मैदा, पाव, बटाटा, सगळ्यावर काट मारली. शनिवारी ते दुकानातच रेंगाळू लागले. बायकोने कुठूनसं शोधून काढलं की मैद्याऐवजी फ्लॉवरचाही पिझ्झा होतो. पण करून बघायच्या आत तिला ट्रेनिंगसाठी परगावी जावं लागलं. जाताना ती म्हणाली, "तुम्ही दोघं करा. घर जाळू नका म्हणजे झालं."

शनिवारी किल्लीवाल्यांनी फ्लॉवर किसला, वाफवला, फडक्यात घालून पिळला. त्यात अंडं आणि चीज कालवून ट्रेमध्ये थापला. सासूबाई खुर्चीतून बघत होत्या.

"पाणी राहिलंय," त्या मिक्सरला म्हणाल्या.

"काही राहिलेलं नाही," किल्लीवाल्यांनी ओव्हनला सांगितलं.

राहिलं होतं. उचलायला गेले तर त्याच्या चिंधड्या झाल्या, अर्धा ट्रेलाच चिकटला. दोघांनी तो चमच्याने खाल्ला.

पुढच्या शनिवारी फडकं पिळायची वेळ आली, तशा सासूबाई काठी टेकत उठल्या.

"एक टोक माझ्याकडे द्या. आता पिळा. अहो, उलटं! मी या बाजूने फिरवतेय ना!"

"मग आधी सांगायचं की!"

"कुणाला सांगणार? मिक्सरला?"

किल्लीवाल्यांना हसू फुटलं, ते त्यांनी खोकून दडपलं. आणखी वाटीभर पाणी निघालं. या वेळी नुसताच फ्लॉवर आधी तांबूस होईपर्यंत भाजायचा ठरलं, सॉस आणि ढोबळी मिरची नंतर. ओव्हनसमोर दोघं उभे होते. किल्लीवाले काचेकडे बघतच म्हणाले, "तुम्ही माझ्याबद्दल कपाटाचं बोलला होतात."

"बोलले होते," सासूबाई म्हणाल्या. "चुकलंच माझं. कडा बघा, करपतायत."

त्यांनी कडा बघितल्या आणि ट्रे बाहेर काढला. पिझ्झा अख्खा निघाला. सासूबाईंनी एक तुकडा सावकाश खाल्ला.

"पिझ्झा कसला, भाजी आहे ही. वर चीज पांघरलेली."

"आणखी देऊ, आई?"

"द्या. गरम आहे तोवर घशाखाली जाते."

बायको परत आली त्या दिवशी जिन्यातच तिला आवाज ऐकू आले. मीठ कुणी जास्त घातलं यावरून आत जोरात जुंपली होती. बॅग खाली ठेवून ती दारातच थांबली.

"आधीचंच बरं होतं," ती म्हणाली. "निदान शांतता तरी होती."

कुणी लक्ष दिलं नाही. पुढच्या तपासणीत साखर थोडी उतरली होती. डॉक्टरांचं तेवढ्याने समाधान झालं नाही, चालायलाही जा म्हणाले. किल्लीवाले अधूनमधून चालायला जातात. शनिवारचा फ्लॉवर मात्र सासूबाई स्वतः निवडून घेतात, आणि भाजीवाल्याशीही हुज्जत घालतात.