रविवारचा उपास

त्या रविवारी आमच्या टीममधल्या सगळ्या मुलींना एकदम उपास होता.

बारा-तेरा वर्षांच्या मुली. दीड तास पळून, ड्रिबल करून घामाने निथळलेल्या. नेहमीसारख्या कोर्टाच्या कडेला गोल करून बसल्या. मी स्टीलचा डबा उघडला. शेंगदाणे-गुळाचे लाडू होते, सकाळी उठून वळलेले. डबा आधी शर्वरीपुढे धरला. ती बुटाच्या लेसकडे बघत म्हणाली, "काकू, माझा उपास आहे."

तिच्या शेजारची म्हणाली, "माझा पण."

तिच्या पुढचीने नुसतीच मान हलवली. मी डबा घेऊन सगळ्या गोलात फिरले. कोणाचा हात वर आला नाही. "कसला गं उपास?" मी विचारलं. एक म्हणाली चतुर्थी, दुसरी म्हणाली एकादशी. दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

शेंगदाण्याचा लाडू उपासाला चालतो. डोंबिवलीत हे कोणाला सांगावं लागत नाही. पण या मुलींना घरून जे पढवून पाठवलेलं, ते मी डब्यात काय आणणार हे माहीत नसताना पढवलेलं. खोटं बोलायचं कसं हे नीट शिकवायलाही त्यांच्या आयांना वेळ मिळाला नव्हता.

गोलात शेवटी इरा होती, टीममधली सगळ्यात लहान. तिचा हात डब्यापर्यंत आला आणि परत गेला. मग ती हळूच म्हणाली, "काकू, आई म्हणाली की कोच काकूंनी काही दिलं तर उपास आहे म्हण."

माझी मुलगी प्रज्ञा त्याच गोलात बसली होती. तिने एक लाडू उचलला आणि सगळ्यांच्या समोर एकटीने खाल्ला. तिच्या चावण्याचा आवाज मला ऐकू येत होता.

रविवारच्या खाऊची पद्धत मीच सुरू केलेली. दर रविवारी एका घरून खाऊ यायचा. प्रॅक्टिस संपली की सगळ्यांनी कोर्टावरच बसून एकत्र खायचं, त्याआधी कोणी घरी जायचं नाही. टीम एकत्र खाते, हा माझा नियम. डोंबिवलीतल्या मानपाड्याच्या या कॉम्प्लेक्समध्ये चार टॉवर आहेत. लिफ्टमध्ये माणसं एकमेकांकडे न बघता मजले मोजतात. मुलींची तरी ओळख व्हावी म्हणून मी हे काढलं. शर्वरीच्या घरची साबुदाणा खिचडी मी खाल्ली. इराच्या घरचा ढोकळा खाल्ला. कोणाच्या घरी काय असतं, देव कुठले असतात, हे मला विचारावंसंही वाटलं नाही.

मला कोणी कोच नेमलं नव्हतं. मी कॉलेजकडून बास्केटबॉल खेळलेले. आता एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, आठवडाभर रक्त तपासते. प्रज्ञाला घेऊन कोर्टावर जायचे, तर बाकीच्या मुली आपणहून आल्या. त्यांच्या आया बाकावर येऊन बसायला लागल्या. "तुम्ही किती करता हो मुलींसाठी," असं शर्वरीची आई भेटेल तेव्हा म्हणायची. शर्वरीचे वडील सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी मिटिंगमध्ये माझ्यासाठी टाळ्यापण वाजवायला लावल्या होत्या. आमचं आडनाव गावाच्या नावावरून पडलेलं, शेवटी कर लागतो. त्या आडनावावरून कोणाला काही कळलं नव्हतं.

कळलं ते आदल्या आठवड्यात. कोर्ट धुवायला काढलं होतं, म्हणून मी मुलींना घरी नेलं आणि टीव्हीवर एक मॅच लावली. आमच्या हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आहे. बुद्ध इथे सगळ्यांकडेच असतो, शोकेसमध्ये किंवा छोट्या कारंज्याशेजारी. त्याचं कोणाला काही वाटत नाही. पण आमच्या मूर्तीच्या वर एक फोटो आहे. निळा कोट, गोल चष्मा, हातात पुस्तक. या घरात राहायला आलो तेव्हा गॅसच्या आधी तो फोटो आत आलेला. माझ्या नवऱ्याने स्टुलावर चढून स्वतः खिळा ठोकला होता.

शर्वरीने फोटोकडे बघून विचारलं, "काकू, हे संविधानवाले ना? हे तर शाळेत असतात. तुमच्या घरी कसे?"

मी म्हटलं, "आमच्या घरी हेच असतात."

तिने ते घरी जाऊन सांगितलं असणार. तिची काही चूक नाही. तिने जे बघितलं ते सांगितलं.

उपासाच्या दुसऱ्या दिवशी शर्वरीची आई मला गेटवर भेटली. हसत हसत जवळ आली, माझ्या दंडाला हात लावून बोलली. "अहो, तुम्ही खाऊचं टेन्शन कशाला घेता? एवढं शिकवता, तेच खूप झालं. तुमचा नंबर असेल तेव्हा पॅकेटचं आणा ना. बिस्किटं, चिप्स, सीलबंद काहीपण. आमचं तसं काही नाही हं. पण सासूबाई असतात घरी, तुम्हाला माहितीच आहे."

मला काय माहिती असायला पाहिजे होतं, हे तिने सांगितलं नाही. लॅबला उशीर होत होता, रिक्षा उभी होती. रिक्षात बसल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या हातांनी मी तिच्या मुलीचं कोपर धरून तिला शॉट मारायला शिकवते, त्या हातांनी वळलेला लाडू चालत नाही. तोच चेंडू दीड तास माझ्या हातातून तिच्या पोरीच्या हातात जातो. तिचा गुडघा फुटला तेव्हा मीच रक्त पुसलं होतं. तेव्हा सासूबाई घरी नव्हत्या का?

संध्याकाळी मी प्रज्ञासमोर यातलं काहीच काढलं नाही. मला वाटलं, लहान आहे, विसरेल. ती होमवर्क करत होती. वहीतून मान वर न करता म्हणाली, "आई, आपण तो फोटो बेडरूममध्ये लावूया का?"

मी विचारलं, "का गं?"

"तिथे आपल्याला दिसेल ना. बाहेरच्यांना कशाला?"

ती रडत नव्हती, चिडलेली पण नव्हती. तिने विचार करून उत्तर काढलं होतं, गणिताचं काढावं तसं. माझ्या बारा वर्षांच्या मुलीला एका लाडवात कळलं होतं की या कॉम्प्लेक्समध्ये राहायचं तर काय लपवायचं. मला शर्वरीच्या आईचा राग आलेला, पण हे ऐकलं तेव्हा भीती वाटली. माझ्या स्वतःच्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत माझी पोर वाकायला शिकत होती.

मी पण तशीच शिकलेले. मी कळव्याची. महापालिकेच्या शाळेत होते, जाळी नसलेल्या रिंगवर खेळले. एकदा आमची टीम ठाण्याला एका मोठ्या शाळेत स्पर्धेसाठी गेलेली. दुपारचं जेवण तिथल्या एका बाईंच्या घरी होतं. आमच्या सरांनी फॉर्मवरून सगळ्यांची नावं मोठ्याने वाचली, आडनावासकट. माझं माहेरचं आडनाव ऐकलं की जात कळायची. मग बाईंनी पानं घेतली. सगळ्यांना स्टीलची ताटं. मला आणि माझ्या वस्तीतल्या अजून एकीला कागदी डिश. जेवून झाल्यावर बाई आम्हा दोघींना म्हणाल्या, "तुमच्या डिश बाहेरच्या डब्यात टाका हं." आवाज अगदी गोड.

डिशमधली आमटी कागदातून झिरपून माझ्या स्कर्टवर आली होती. मी सरांकडे बघितलं. सरांना सगळं दिसत होतं. ते माझ्याजवळ वाकले आणि म्हणाले, "जिंकायला आलोय ना आपण? मग गप खा."

मी गप खाल्लं. आम्ही जिंकलो. कप शाळेच्या कपाटात गेला आणि माझं नाव प्रार्थनेच्या वेळी माइकवर घेतलं. घरी आईने स्कर्टवरचा डाग धुतला, पण कशाचा हे विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

प्रज्ञा वहीत डोकं घालून बसली होती तेव्हा मला ती आमटी आठवली. मी तिला म्हटलं, "फोटो हॉलमध्येच राहील." मग मोबाइल घेतला आणि टीमच्या ग्रुपवर लिहिलं: येत्या रविवारी खाऊ माझ्याकडून. टीम एकत्र खाते. जिला एकत्र खायचं नाही, ती ठाण्याच्या स्पर्धेत खेळणार नाही.

ठाण्याला घोडबंदर रोडवर कॉम्प्लेक्स-कॉम्प्लेक्समधली स्पर्धा होती. मुलींची पहिलीच. प्रज्ञाने जर्सी कपाटाबाहेर टांगून ठेवली होती. रोज शाळेतून आली की तिला हात लावायची.

ग्रुपवर कोणी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मला क्लबहाउसमध्ये बोलावलं. शर्वरीचे वडील टेबलापलीकडे बसले होते, कमिटीतले अजून दोघं-तिघं शेजारी. चहा आला. मला पण दिला, कागदी कपात. त्यांच्याही हातात कागदी कपच होते, तरी माझी नजर आधी तिथे गेली. अशी सवय लागते माणसाला.

ते म्हणाले, "मॅडम, मुलांच्या खेळात या गोष्टी कशाला आणायच्या? आपल्याकडे कोणी जातपात मानत नाही."

मी जातीचं नावच काढलं नव्हतं. मी लाडवाबद्दल लिहिलं होतं. जात त्यांनी काढली. मी त्यांना तेच सांगितलं. आणि विचारलं, "मग लाडू का खाल्ला नाही?"

एकाने घसा खाकरला. सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही फार मनाला लावून घेता." मी चहा तसाच ठेवून उठले.

नवऱ्याला रात्रपाळी होती. कंपनीत जाताना तो म्हणाला, "तुझं बरोबर आहे. पण पोरीला एकदा खेळू दे गं. मग भांड." तो घाबरट नाही. त्याला फक्त ती जर्सी दिसत होती. मलाही दिसत होती.

रविवारी मी डबा घेऊन कोर्टावर गेले. प्रज्ञा आली आणि थोड्या वेळाने इरा आली. बाकी कोणी नाही. इराने दोन-तीन शॉट मारले असतील, तेवढ्यात तिची आई खाली आली आणि तिला दंडाला धरून घेऊन गेली. जाताना मला म्हणाली, "सॉरी हं. मला काही प्रॉब्लेम नाही. पण सगळ्यांच्या विरोधात कसं जायचं?" इरा मागे वळून डब्याकडे बघत होती.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी शर्वरीच्या आईचा फोन आला. आवाज तोच, गोड. "अहो, झालं गेलं सोडा. उद्या सगळ्या मुली येतील, गाडीपण ठरलीय. तुम्ही फक्त ग्रुपवरचं ते मागे घ्या. आणि आम्ही असं ठरवलंय की यापुढे सगळ्यांनीच पॅकेटचं आणायचं. म्हणजे तुम्हाला पण वाईट वाटायला नको."

किती सोपं होतं. कोणाचंच घरचं नको, म्हणजे माझं नको हे दिसणार नाही. प्रज्ञा माझ्यासमोर उभी होती. फोनमधलं सगळं तिला ऐकू येत होतं. तिने माझी ओढणी धरली आणि पुटपुटली, "आई, हो म्हण ना. प्लीज."

माझ्या कानात सरांचा आवाज आला. गप खा.

मी फोनवर म्हटलं, "नाही. उद्या गाडीत बसायच्या आधी शर्वरीने माझ्या डब्यातला लाडू खायचा, आणि तुम्ही पण खायचा. मग मी सगळ्यांना खेळवते."

फोन कट झाला. प्रज्ञाने ओढणी सोडली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघीच ठाण्याला गेलो. हरल्याचं घरात बसून ऐकायचं नव्हतं मला. रेफरीने विचारलं, "बाकीच्या मुली कुठायत?" मी म्हटलं, "उपास आहे त्यांना." त्याला काही कळलं नाही. पाच मुली नसतील तर सामना सुरू होत नाही. समोरच्या टीमला विजयी घोषित केलं. प्रज्ञा जर्सी घालून कोर्टावर एकटी उभी होती. तिथल्या मुली तिच्याकडे बघत होत्या.

घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "तू मला खेळू दिलं नाहीस."

मी म्हटलं, "हो. मी नाही दिलं."

त्यांच्यावर ढकलता आलं असतं. नाही ढकललं. निवड माझी होती आणि तिची किंमत माझ्या मुलीने दिली, हे मला माहीत आहे. अजून ती माझ्याशी नीट बोलत नाही. एक दिवस तिला कळेल, अशी समजूत मी स्वतःची घालत नाही. नाही कळलं तरी माझं उत्तर तेच आहे.

आता सोसायटीने बाहेरून एक कोच ठेवलाय, शिट्टीवाला. रविवारी सकाळी तो शर्वरीला आणि बाकीच्यांना शिकवतो. खाऊची पद्धत बंद झाली. पण कोर्टाला दोन बाजूंना दोन रिंगा असतात. एका रिंगखाली ते असतात. दुसरीखाली त्याच वेळी मी जाते, चेंडू आणि डबा घेऊन. सेक्रेटरींनी सांगून बघितलं की टायमिंग क्लॅश होतंय. मी म्हटलं, मेंटेनन्स मी पण भरते.

मी एकटीच शॉट मारते. प्रज्ञा वरून बाल्कनीतून बघते आणि मी मान वर केली की आत जाते. दमले की रेषेवर बसते, डबा उघडते आणि झाकण बाजूला ठेवते. पलीकडून मुली चोरून बघतात. ज्या दिवशी कोणी मधली रेषा ओलांडून येईल, तिला आधी लाडू खावा लागेल, मग चेंडू मिळेल. कोणी नाही आलं तरी पुढच्या रविवारी डबा इथेच उघडेल. पॅकेट मी आणणार नाही. फोटो हॉलमधून हलणार नाही. टीम मोडली तर मोडू दे.

मी एकदा गप खाल्लंय. माझी मुलगी खाणार नाही.