कॉम्प्युटरला दम खायला लावला

गणपती शनिवारी बसणार होता आणि सकाळच्या आरतीला आई पुण्याहून हजर राहणार होती. म्हणजे कॅमेऱ्यातून. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे त्या वर्षी तिला इंग्लंडला, वॉटफर्डला आमच्याकडे येता येत नव्हतं. फोनवर तिने बजावलं होतं, "आरती काय, मला पाठ आहे. मूर्ती दिसली पाहिजे."

दूर्वा वेम्बलीहून आल्या होत्या, सारण तयार होतं, माझ्या यादीत बाकी सगळ्या ओळींपुढे टिक झाली होती. एकच ओळ उरली होती : कॅमेरा तपासणे.

शुक्रवारी संध्याकाळी तपासायला बसले. आईचा चेहरा छान दिसला. आमचा नवा कॅमेरा सुरू केला आणि पडदा निळाशार झाला. त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं आली आणि चष्मा डोळ्यांवर चढेपर्यंत कॉम्प्युटर आपला आपण पुन्हा सुरू झाला.

"बघ, स्वतःच उठला," नवरा म्हणाला. "बरा झाला असेल."

परत कॅमेरा लावला. परत निळा पडदा, परत तो "बरा झाला". तिसऱ्या खेपेला मी कामाची वाटणी केली. वरच्या ओळी मुलीने वाचायच्या, मधल्या नवऱ्याने, खालच्या मी. तिघं पडद्याला नाक लावून बसलो. निळं चमकलं आणि गेलं.

"मला 'प्रॉब्लेम' दिसली," मुलगी म्हणाली. ती जन्माने इथली. तिच्या मराठीत प्रॉब्लेमसुद्धा बाई असतो.

"मला 'इफ' दिसलं," नवरा म्हणाला.

"इफ काय? पुढे?"

"पुढे काही नाही. नुसतं इफ."

मला शून्यं दिसली होती. पुष्कळ.

तेवढ्यात फोन वाजला. पुण्यात आईची झोपायची वेळ टळून गेली होती. "काय म्हणतोय गं तुमचा कॉम्प्युटर?"

"सांगायला तोंड उघडतो आणि पळून जातो."

"मग आधी बसव त्याला. धापा टाकत आलेल्या माणसाला कोणी विचारतं का काय झालं म्हणून? दम खाऊ दे, मग बोलेल."

तोवर मी दुरुस्तीच्या मागे होते. आता आधी त्याला थांबवायचं ठरवलं. माय कॉम्प्युटरवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, मग 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'च्या सेटिंग्ज. तिथे एका चौकोनापुढे लिहिलं होतं, ऑटोमॅटिकली रीस्टार्ट. चौकोनात टिक. टिक करण्यात माझी उभी हयात गेली. काढताना हात अडखळला.

"काढलीस तर तो पडला की उठणार नाही," नवरा म्हणाला.

"नको उठू दे. आडवा पडूनच बोलू दे."

कॅमेरा सुरू केला. पडदा निळा झाला आणि निळाच राहिला. कॉम्प्युटर कोसळला म्हणून टाळ्या वाजवणारं आमचंच घर असेल. मी सगळा मजकूर सावकाश उतरवून घेतला. शून्यांच्या जवळच एका फाइलचं नाव होतं आणि त्याची पहिली अक्षरं ओळखीची निघाली. मुलीने ड्रॉवर उघडून आमचा जुना, बंद पडलेला कॅमेरा काढला. त्याच्या पाठीवर हीच अक्षरं होती.

हा कॅमेरा आदल्या वर्षी मी टाकायला निघाले होते. तेव्हा इथे असलेल्या आईने तो कचऱ्याच्या पिशवीतून परत काढला होता : "टाकतेस कशाला? असू दे, लागेल कधीतरी." कॅमेरा राहिला, म्हणून त्याचा प्रोग्रॅमही कॉम्प्युटरमध्ये राहिला. नवा कॅमेरा सुरू झाला की जुन्याचा प्रोग्रॅम त्याच्याशी भांडायला उठायचा. बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला, चालू केला, जुना प्रोग्रॅम काढून टाकला. कॅमेरा लावला. पडदा निळा झाला नाही. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत आम्ही तिघं दिसलो, केस विस्कटलेले.

शनिवारी आरतीच्या आधी आईला सगळं सांगितलं.

"मी कॅमेरा ठेव म्हटलं होतं," ती म्हणाली. "त्याचं भूत आत ठेव असं नव्हतं म्हटलं. आणि सरक आता. मघापासून तुझी पाठच बघतेय."

मी सरकले. पडद्यावर आईने हात जोडले होते.